सात नंबरची अर्धी पायरी

३ ऑक्टोबर, मंगळवार

चिठ्ठी खालच्या बाजूला होती! धाकटीच्या डोक्यावर जो जोडणीचा डबा आहे, त्याच्या बुडाला. आज स्क्रू घरंगळला म्हणून गुडघ्यावर बसलो, वर पाहिलं तर पिवळी चिठ्ठी. ‘दोन्ही तारांत फिल्टर. प्रत्येकी ६.४ किलो-ओहम.’ अक्षर माझंच. गेल्या वर्षीचं.

तसाच बसून राहिलो. हेलियमवाले मामा जाता जाता म्हणाले, “काय हो, गुडघा धरला का?” हो म्हणालो.

शांतपणे लिहून काढतो. लिहिलं की माझं डोकं जागेवर येतं.

लॅबमध्ये दोन काड्या आहेत, माणसाच्या उंचीच्या पोलादी नळ्या. टोकाला नमुना बसवायचा आणि काडी द्रव हेलियमच्या टाकीत सोडायची. जाड, जुनी ती थोरली. बारीक, नवी ती धाकटी. थोरलीच्या तारांचा रोध नगण्य आहे. धाकटीच्या तारांत फिल्टर आहेत, त्यांचा मिळून १२.८ किलो-ओहम. मोजलेल्या आकड्यातून काडीचा रोध वजा करायचा, म्हणजे नमुन्याचा खरा रोध उरतो. शाळेतलं गणित.

आमचा नमुना म्हणजे केसाच्या हजाराव्या भागाएवढी बारीक तार. एवढ्या चिंचोळ्या वाटेत प्रवाह नळासारखा हळूहळू वाढत नाही, पायऱ्या चढत जातो. पहिली पायरी नेहमी ठरलेल्या उंचीवर येते. तिला आम्ही ‘एक’ म्हणतो. रोध १२.९. आमच्या सात नंबरच्या नमुन्यात मात्र ती निम्म्या उंचीवर आली. अर्धी! रोध दुप्पट, २५.८. चुंबक नाही, काही नाही, आणि तरी निम्मेच इलेक्ट्रॉन आत घेतले जाताहेत. त्यावर पेपर झाला, स्वीकारला गेला. आमची पीएच.डी.ची विद्यार्थिनी भिंगरी, तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण तेच. मोजमाप माझं.

आता बेरीज. साधी ‘एक’ची पायरी १२.९, अधिक धाकटीचे न वजा केलेले १२.८. किती झाले?

२५.७.

वजाबाकीचा आकडा प्रोग्रॅममध्ये मार्चपर्यंत थोरलीचाच होता. मीच मार्चमध्ये बदलला. सात नंबर मोजला फेब्रुवारीत.

४ ऑक्टोबर, बुधवार

फेब्रुवारीची वही काढली. पान सापडलं. माझ्या सुवाच्य अक्षरात: ‘सात नंबर. काडी आत, १०.४०.’

काडी आत! कोणती ते नाही. एकतीस वर्षं लोकांना शिकवतोय की वहीत सगळं लिहा. टाकीचा दाब लिहिलाय, खोलीचं तापमान लिहिलंय, पंख्याचा आवाज येतो हेसुद्धा लिहिलंय. काडीचं नाव नाही. तेव्हा धाकटी नवीन होती, हात थोरलीचेच सराईत होते. काडी म्हणजे थोरलीच, असं असेलही. पण त्या महिन्यात धाकटीच्या कौतुकात प्रत्येक नमुना तिच्यात घालून बघत होतो, हेही आठवतं.

दुसरी पायरी दिसली असती तरी उलगडा झाला असता; पहिली खरंच अर्धी असेल तर दुसरी बरोबर एकवर यायला हवी. पण त्यापुढे व्होल्टेज वाढवलं तर तारेवरचा पातळ थर फुटेल, म्हणून मी थांबलो होतो. त्या वेळी याला सावधगिरी म्हटलं होतं.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

बायकोला सांगितलं. ती औषधाच्या दुकानात बसते. बाटली हातात दिली तरी चिठ्ठी दोनदा मोठ्यानं वाचते, गिऱ्हाईक कंटाळेपर्यंत.

“तुमच्या त्या अर्ध्या पायरीचं काय झालं म्हणता?”

सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अहो, मी दुसऱ्यानं लिहिलेली चिठ्ठी दोनदा वाचते. तुम्हाला स्वतःची एकदासुद्धा वाचता आली नाही?”

मी भाजी वाढून घेतली.

“त्या पोरीला सांगितलंत?” नाही. “लॅबच्या बाईंना?” नाही. “मग मला सांगून काय उपयोग? मी काय वजाबाकी करू?”

उपाय सोपा आहे. सात नंबर पुन्हा मोजायचा, थोरलीत. अर्धी आली तर जीव भांड्यात. एक आली तर... पुढचं तेव्हा बघू.

अडचण अशी की हेलियमचा प्लांट तेरा तारखेपासून दुरुस्तीला बंद. सहा आठवडे. शेवटची टाकी बारा तारखेला, गुरुवारी.

१० ऑक्टोबर, मंगळवार

भिंगरीला म्हणालो, “गुरुवारी सात नंबर परत एकदा लावू या. नोंदीसाठी.”

तिला भिंगरी नाव मीच दिलंय. पाच वर्षांत तिला एका जागी उभी असलेली पाहिलेली नाही. आज मात्र उभी राहिली. “कशाला सर? पेपर तर झालाय.”

“नोंदीसाठी.”

“थोरलीत?”

“थोरलीत.”

“बरं,” म्हणाली. आणि हळूहळू चालत गेली.

तोंडी परीक्षा दोन नोव्हेंबरला आहे तिची. त्याचीच काळजी असणार. 

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सात नंबर गेला.

नमुना तिनं बसवला. काडी मी सोडली. आमच्याकडे रिवाज आहे की स्विचला हात लावण्याआधी अर्थिंग केलेल्या टेबलाला तळहात लावायचा आणि मोठ्यानं ‘टेकलो’ म्हणायचं, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. एवढ्या बारीक तारेला अंगावरच्या स्वेटरची ठिणगीसुद्धा पुरते. समोरच्यानं ‘टेका’ म्हटल्याशिवाय स्विच उघडायचा नाही. नवीन मुलं हसतात. एक नमुना मेला की हसायची थांबतात.

मी टेकलो म्हणालो. भिंगरी टेका म्हणाली. स्विच उघडला. प्रवाह शून्य. व्होल्टेज वाढवलं, शून्य. जोडण्या तपासल्या. शून्य.

तळहात खरंच टेबलाला लावला होता का? तोंडानं म्हणालो हे नक्की. हाताचं आठवत नाही.

काडी वर काढली. भिंगरीनंच नमुना सोडवला, डबीत टाकला, झाकण लावलं. “जाऊ दे सर. नमुने मरतातच.” चिमट्याचं टोक वाकलं तेव्हा ही मुलगी अर्धा तास रडली होती!

आता खरं लिहितो, नाहीतर ही वही ठेवण्यात अर्थ नाही. आकडा शून्य दिसला तेव्हा पहिल्या क्षणी मनात आलं ते असं—

हुश्श!

आता कुणालाच कळणार नाही. मलासुद्धा. सुंठीवाचून खोकला गेला.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

सलग आठ तास झोपलो. दहा दिवसांत पहिल्यांदा.

१४ ऑक्टोबर, शनिवार

बाजारात गेलो, बायकोसाठी चप्पल घेतली, केस कापून आलो. न्हावी म्हणाला, “आज साहेब खुशीत दिसतात.” एक जवळचा नमुना दगावला म्हणून खुशीत आहे, हे कसं सांगणार!

बायकोनं विचारलं, काय निघालं मोजून? मी म्हणालो, नमुना मेला. ती म्हणाली, “अरेरे.” मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, “अरेरे तुम्ही म्हणायला हवं होतं.”

१६ ऑक्टोबर, सोमवार

पेपरची प्रुफं आली. गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत परत हवीत. भाषा तपासा, आकृत्या तपासा, खाली सही करा.

आकृती दोन. ती पायरी सुंदर छापली आहे. सपाट, स्वच्छ, बरोबर अर्ध्यावर. खाली ओळ: ‘तारांचा रोध वजा केला आहे.’

कोणत्या तारांचा?

१७ ऑक्टोबर, मंगळवार

दोन स्वल्पविराम सुधारले. संदर्भ अकरामधलं पान दुरुस्त केलं. सहीची जागा सोडून सगळं झालं.

गंमत आहे. आठ दिवसांपूर्वी मला उत्तराची भीती होती. उत्तर मेलं, तर आता प्रश्नच मानगुटीवर बसलाय. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ झाकून सही करता येत नाही. सहीला बोटं उघडावी लागतात.

एकतीस वर्षांत एकही मुदत चुकवलेली नाही. ही चुकवून चालणार नाही. उद्या भिंगरीला सांगायचं. आधी तिला, मग बाईंना. चौथं प्रकरण तिचं आहे, तिला दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको.

१८ ऑक्टोबर, बुधवार

काय दिवस!

भिंगरीला जिन्यात गाठलं. लॅबमध्ये कान फार. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खिडकी आहे, तिथे उभे राहिलो. सगळं सांगितलं. चिठ्ठी, वही, २५.७. म्हणालो, “चूक झाली असेल तर माझी. झाली का नाही तेच सांगता येत नाही, तीही चूक माझी. पेपर मागे घ्यायला हवा. तुझ्या परीक्षेच्या तोंडावर हे करतोय, त्याबद्दल—”

ती हसायला लागली. मग हसता हसता रडायला. वरून दोन मुलं उतरत होती, ती तशीच मागे फिरली.

“सर, मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“ऑगस्टमध्ये मी सहा नंबर धाकटीत लावला. माझ्या प्रोग्रॅममध्ये वजाबाकीचा आकडा जुनाच राहिला होता. पायरी अर्धी आली! मी इतकी नाचले सर. मग आकडा बदलला तर एक. साधी एक. तेव्हाच डोक्यात आलं, सात नंबरचंही हेच असणार.”

“ऑगस्टपासून? मग बोलली का नाहीस?”

“कसं बोलू! मोजमाप तुमचं. वर्षअखेरीला तुम्ही निवृत्त होताय. बाई जो भेटेल त्याला सांगतात, हा यांचा सगळ्यात सुंदर आलेख. मी जाऊन म्हणू, सर, तुम्ही वजाबाकी विसरलात?”

“हो. असंच म्हणायचं.”

“आता कळलं,” म्हणाली. नाक पुसलं. मग पिशवीत हात घालून खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. “उघडू नका. आधी टेका.”

जिन्याचा लोखंडी कठडा धरला. “टेकलो.”

“टेका.”

आत फॉइल, फॉइलच्या आत नमुना. पाठीवर माझ्याच अक्षरातला सात.

गुरुवारी थोरलीत होता तो तीन नंबर! तो गेल्या वर्षीच मेलाय. मोजलं तर एक येणार, तुमचं नाव जाणार, म्हणून बदलला म्हणे. मी टेबलाला हात लावला का नाही, याचा सहा दिवस काथ्याकूट करतोय. आणि मेलेला नमुना पुन्हा कसा मरणार!

“तुम्ही हात लावला होता,” ती म्हणाली. “मी बघत होते.”

रागवायला हवं होतं. रागावलोही थोडा. “नमुना बदलणं म्हणजे काय ते कळतं का तुला? आकडा बदलण्याइतकंच वाईट.” मग मी तिला हेही सांगितलं की शून्य पाहून मला हायसं वाटलं होतं. त्यानंतर दोघांनाही रागवायला तोंड उरलं नाही.

सात नंबर जिवंत आहे आणि हेलियम नाही. प्रुफं उद्या. म्हणजे उत्तर माहीत नसताना ठरवायचंय. पण आज मला त्याचं ओझं वाटत नाहीये.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी साडेनऊला बाईंच्या खोलीत, दोघंही. बाई लॅबच्या प्रमुख, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आवाज कधी चढवत नाहीत. त्यामुळेच सगळे घाबरतात.

मी माझं सांगितलं. भिंगरीनं तिचं. बाईंनी एकदाच मध्ये विचारलं, “वहीत काडीचं नाव नाही? तुमच्या वहीत?” मी नाही म्हणालो. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“म्हणजे पायरी अर्धी आहे की एक, हे आज या खोलीत कुणालाच माहीत नाही.”

“नाही.”

“मग छापायचं काय?”

संपलं. सोळा दिवस मी जे घोळवत होतो, ते त्यांनी तीन शब्दांत संपवलं. संपादकांना पत्र मी तिथेच बसून लिहिलं, चार ओळींचं. मोजमापाच्या वेळी कोणती काडी होती याची नोंद नाही, म्हणून पेपर मागे घेत आहोत. खाली सही केली. सगळ्यांच्या सह्या होऊन पावणेपाचला गेलं पत्र. मुदतीच्या पंधरा मिनिटं आधी.

चौथ्या प्रकरणात दुरुस्तीचं पान जोडायचं ठरलं. बाकीची तीन प्रकरणं भक्कम आहेत, तेवढ्यावर परीक्षा होईल असं बाई म्हणाल्या. मग भिंगरीकडे वळल्या.

“आणि तू. मेलेला नमुना थंड करायला शेवटची टाकी वापरलीस? प्लांट बंद व्हायच्या आदल्या दिवशी?”

“हो बाई.”

“खोटं बोललीस ते तुझं तुझ्याशी आणि यांच्याशी. परत असं झालं तर या लॅबमध्ये पाऊल टाकायचं नाही. पण ते हेलियम—” आणि इथे मात्र आवाज चढला! एकतीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला. बाहेर मामांनी हातातलं झाकण खाली पाडलं.

शिक्षा अशी: लॅबमधल्या प्रत्येक काडीवर, तारेवर, डब्यावर भिंगरीनं मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या लावायच्या. वरच्या बाजूला. मी तिच्या मागोमाग जाऊन प्रत्येक चिठ्ठी वाचायची. दोनदा, मोठ्यानं.

ही कल्पना बाईंची नाही, माझ्या घरातून फितुरी झालेली दिसते.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

एकशे चौदा चिठ्ठ्या. घसा बसला. गोळ्या मागितल्या तर भिंगरी म्हणते, डबी रिकामी आहे सर, सात नंबरसाठी मीच सगळ्या खाल्ल्या.

२५ ऑक्टोबर, बुधवार

कुणी काही बोललं नाही. मला वाटलं होतं, कॅन्टीनमध्ये मान वर करता येणार नाही. वरच्या मजल्यावरचे लेसरवाले येऊन म्हणाले, “ऐकलं. आमच्याकडेही अशी एखादी चिठ्ठी शोधावी म्हणतो.” मग दोनशे पानं वाया घालवणाऱ्या स्वतःच्या एका चुकीची गोष्ट सांगत बसले. मनमोकळे वाटले. वीस वर्षांत आम्ही हवापाण्यापलीकडे बोललो नव्हतो.

२ नोव्हेंबर, गुरुवार

पास झाली! डॉक्टर भिंगरी.

बाहेरचे परीक्षक कडक म्हणून प्रसिद्ध. पहिली तीन प्रकरणं दीड तास सोलली. मग चौथं उघडलं.

“ही पायरी अर्धी का?”

मी मागच्या रांगेत. खुर्चीचा लोखंडी हात धरला. टेकायची जुनी सवय.

भिंगरी म्हणाली, “सर, ती अर्धी आहे का हेच मला माहीत नाही. मोजताना कोणती काडी होती याची नोंद नाही. नमुना जपून ठेवलाय. हेलियम आलं की थोरलीत लावणार आहोत.”

“आणि एक निघाली तर?”

“तर एक.”

त्यांनी पान उलटलं. “मग हीच दोन वाक्यं प्रकरणाच्या सुरुवातीला घाला. शेवटी नको, सुरुवातीला. कॅन्टीन किती वाजता बंद होतं?”

झालं. एवढंच!

तिच्या आईनं येऊन माझे हात धरले. “तुमच्यामुळे झालं हो.” मी म्हणालो, “माझ्यामुळे होता होता राहिलं असतं.” त्यांना वाटलं मी विनयानं बोलतोय.

घरी आलो. बायकोनं नवी चप्पल आज पहिल्यांदा घातली होती. म्हणाली, “आता कसे खरे खुशीत दिसता.” मी म्हणालो, न्हाव्याकडे न जाताच.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

निवृत्तीचे कागद भरले. बाईंनी विचारलं, वर्षअखेरीपर्यंत काय करणार? म्हणालो, एक वजाबाकी बाकी आहे. एकच येणार हे मी आता धरून चाललोय. आकडे इतके जुळतात की दुसरं काही निघायचं नाही. तरी मोजायचं. आता त्यात भीती नाही, नुसती उत्सुकता उरलीय. विशीत होती तशी.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

हेलियम आलं. सात नंबर, थोरलीत. टेकलो. टेका.

अर्धी!

काढला, धाकटीत घातला. तिचा आकडा वजा केला, दोनदा तपासला. अर्धी. आज व्होल्टेजही पुढे नेलं. थर फुटला नाही. वर दुसरी पायरी आली, बरोबर एकवर.

म्हणजे फेब्रुवारीत हातात थोरलीच होती. धाकटी असती तर तेव्हाचा आकडा अडतीसच्या वर गेला असता.

भिंगरी जागच्या जागी गोल फिरली. मामा म्हणाले, मेलेला उठला की काय? बाईंनी पडद्यावरचे आकडे दोनदा वाचले. मग वही माझ्यापुढे सरकवली.

“लिहा. काडीचं नाव आधी.”